पपनसाचा डिंक

झाडाला हात लावला की कमलला त्याचं दुखणं कळतं, असं आमच्या नर्सरीत सगळे म्हणतात. म्हणून तर मला नवी मुंबईत नेरूळला पाठवलं. आणि पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी माझ्या हाताने त्या झाडाला असं काही करून बसले, की पुढे दोन दिवस घास नीट उतरला नाही.

परत आल्यापासून नर्सरीतल्या बायका विचारतात, काय पाहिलंस तिकडं? समुद्र पाहिलास? विमान पाहिलंस? विमानं पाहिली, डोक्यावरून जातात, चाकं बाहेर काढलेली दिसतात. समुद्र नाही, खाडी पाहिली. पण खरं सांगायचं तर सहा दिवस मी एकच झाड पाहत होते. त्यामुळे ही हकिगत बरीचशी त्या झाडाचीच आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. जालन्याकडे आमच्या गावाजवळ भाऊसाहेबांची मोसंबीची नर्सरी आहे, तिथे मी आधी पिशव्यांत माती भरायला लागले. मग त्यांनीच एक दिवस माझ्या हातात चाकू दिला आणि डोळे भरायला शिकवलं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जंबेरीच्या, म्हणजे एका जंगली लिंबाच्या, रोपाची साल जराशी उघडायची. चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, सालीसकट आणि पानाच्या देठासकट काढायचा, त्या फटीत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. याला डोळा भरणं म्हणतात. बावीस वर्षं मी तेच करते. दोन्ही लेकरं त्या चाकूवर शिकली. भाऊसाहेबांनी काही सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही.

काम असं होतं. नेरूळचा नरेश नावाचा एक गिऱ्हाईक भाऊसाहेबांच्या ओळखीचा. उलव्याजवळ त्यांचं गाव, तिथलं घर बिल्डिंगसाठी पाडलं. अंगणात त्याच्या आईचं पपनसाचं झाड होतं, आतून लाल निघणाऱ्या पपनसाचं. आईने हट्ट धरला म्हणून नरेशने क्रेन लावून ते मुळासकट उचललं आणि ती दोघं आता राहतात त्या नेरूळच्या सोसायटीच्या बागेत लावलं. तीन आठवडे झाले होते. पानं पिवळी पडायला लागली आणि खोडातून डिंक यायला लागला, तेव्हा त्याने फोन केला.

"जाऊन बघ," भाऊसाहेब म्हणाले. "पपनस मोसंबीच्याच कुळातलं. जमलं तर डोळकाड्या काढून आण, इथं भरू. झाड गेलं तरी जात राहील. पण एक ध्यानात ठेव, कमल. रोगट झाडाचा डोळा माझ्या नर्सरीत यायला नको."

नर्सरीत हजारो रोपं. एका काडीवरून रोग आला तर काय होतं ते मी एकदा पाहिलंय. ते वाक्य मी पिशवीत चाकूसोबत घेऊनच निघाले म्हणा ना.

मंगळवार, गेटवर

ट्रॅव्हल्समधून पहाटे उतरले, रिक्षा केली, सोसायटीच्या गेटवर पोचले. नरेश मला घ्यायला येणार होता, पण त्याची सकाळची ड्यूटी लागली. वॉचमनने वही पुढे केली.

"किसके यहाँ जाना है?"

"हिराबाई. चौथा मजला."

"क्या काम?"

"डोळे भरायचेत."

"आँख?" त्याने स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं.

"हां, आँख. आँख भरने का काम," मी माझ्या हिंदीत म्हटलं. यात खोटं काय होतं?

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि चक्क सलाम ठोकला. मला वाटलं, इकडची माणसं फारच नम्र दिसतात.

हिराबाई, म्हणजे नरेशची आई, खालीच उभ्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, ठेंगणी, आगरी पद्धतीचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कानात सोन्याचं जड काहीतरी. मी मावशी म्हटलं, त्यांनी बाय म्हटलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. त्यांच्या बोलीत झाडाला झार म्हणतात, पाण्याला पानी. पहिला दिवस मला अर्धं कळत नव्हतं, त्यांनाही माझं नसावं.

"आयलीस क, बाय? चल, आदी झार बग. चाय मंग."

बाग म्हणजे पार्किंगच्या बाजूची पट्टी. तिथे कोपऱ्यात ते उभं होतं, तीन बाजूंनी बांबूचा टेकू, खोडाला गोणपाट. पुरुषभर उंचीवर फांद्या छाटलेल्या. पानं पिवळट, काही कडेने वळलेली. एक फांदी क्रेनच्या धक्क्याने पिचकली होती, तिच्यावरची पानं करपून तशीच लटकत होती. मी गोणपाट जरासं सरकवलं. आतून डिंकाचे थेंब, मधासारखे, खोडाभोवती गोल माळ घातल्यासारखे.

आमच्याकडे मोसंबीच्या खोडाला डिंक दिसला की एकच शब्द तोंडात येतो. डिंक्या. तो रोग बागाच्या बागा खातो.

"माझं लगीन झालं तवा यो झार माझ्या कमरेयेवरा होता," मावशी म्हणाल्या. "गनपतीला सगल्या गावाला पपनीस आमचं. घराचे कागद केले, सगल्यांच्या सह्या घेतल्या. झाराची सही कोनी घेतली, सांग?"

मग त्यांनी हळू आवाजात दुसरी गोष्ट सांगितली. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरीचं म्हणणं, झाड मेलेलं आहे, उगीच कोणाच्या गाडीवर पडेल, काढून टाकावं, तेवढ्या जागेत दोन गाड्या उभ्या राहतील. नरेश आईला काही बोलत नव्हता, पण त्यालाही तसंच वाटत होतं.

"तू सांग त्यांना, जिता हाय म्हून. तुजा ऐकतील. तू त्यातली हायस."

मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं.

बुधवार

सकाळी उठून पहिलं काम केलं ते बरोबर केलं. चाकू स्पिरिटने पुसला, चांगल्या फांद्यांवरून तीन डोळकाड्या काढल्या, पानांची पाती कापून देठ तेवढे ठेवले, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकमध्ये बांधल्या आणि मावशीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. फ्रिजमध्ये एका बाजूला बोंबील, एका बाजूला माझ्या काड्या. मावशी म्हणाल्या, "ह्यांचा कालवन कवा करायचा?"

दुसरं काम मी घाईत केलं. रविवार डोक्यात होता. बाजारातून मोरचूद आणि चुना आणला, दोन्ही वेगळं भिजवून त्याचा लेप केला. मग गोणपाट सोडलं आणि आमच्याकडे डिंक्याला करतात तसं चाकूने खोड खरवडायला बसले. सगळा डिंक काढला, खालची साल खरवडली, गोल, खोडाच्या पाऊण भागापर्यंत. वरून निळा लेप फासला.

चौथ्या मजल्याच्या खिडकीतून मावशी ओरडल्या, "बाय! खरवडतंस कशाला? झारानी सोता लावलाय तो!"

"रोग आहे मावशी, काढायला लागतो!"

त्यांनी खिडकी लावून घेतली. मी कौतुकाने लेपाकडे पाहत बसले. झाड कसं दवाखान्यातून आल्यासारखं दिसत होतं.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तांदळाची भाकरी इतकी पांढरी आणि मऊ, की आमच्या बाजरीपुढे ती भाकरी वाटतच नाही, रुमाल वाटतो. मी माझ्याकडची बाजरीची काढली. मावशींनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "करपली क?" मी म्हटलं, नाही मावशी, रंगच तो. त्यांनी एक तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "दात मजबूत असतील तुमचे." त्या दिवशी मी पोटभर जेवले. शेवटचं.

गुरुवार, पानं

सकाळी खाली उतरले तर झाडाखाली पानांचा सडा. मी खोडाला हात लावला, नुसता धक्का लागला, तर आणखी दहा-वीस पानं टपटप पडली. वॉचमन माझ्याकडे बघत होता. सेक्रेटरी, पांढऱ्या बुटांतले एक गृहस्थ, चालण्याचा व्यायाम करत दोनदा तिथून गेले आणि दुसऱ्यांदा जाताना म्हणाले, "झालं वाटतं." वाईटपणाने नव्हे, सहजच. मला मात्र ते डोक्यात ठोकल्यासारखं लागलं.

मी वर गेलेच नाही. तिथेच ओट्यावर बसले. मनात एकच: माझ्या लेपाने झालं. मी काल येऊन हात लावला नसता तर ते उभं राहिलं असतं. भाऊसाहेबांचा फोन आला, काय म्हणतंय झाड? मी म्हटलं, बरंय. बावीस वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले.

तेवढ्यात एक बाई आल्या. "तुम्हीच ना त्या जालन्याहून आलेल्या? माझ्या आईला मोतीबिंदू आहे, जरा बघाल का?"

मला काही कळेना. "मी कशी बघू, मॅडम?"

"वॉचमनच्या वहीत लिहिलंय ना. आय डॉक्टर."

मी सांगितलं, डोळे म्हणजे झाडाचे. त्या आधी हसल्या, मग माझं तोंड पाहून हसायचं थांबल्या. त्या सावंत मॅडम, इथल्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. आईच्या डोळ्यांसाठी आलेली बाई माझ्या शेजारी ओट्यावर बसली. मी सगळं सांगितलं. डिंक, खरवडणं, लेप. कोणाला तरी सांगायचंच होतं.

त्या मला ओरडल्या नाहीत. खाली पडलेलं एक पान उचललं. त्यावर तपकिरी ठिपके होते, प्रत्येक ठिपक्याभोवती पिवळी कड.

"हे काय वाटतं तुम्हाला?"

"रोग."

"रोगाचे जंतू असतील. पण पुष्कळदा जंतू शिरला की आजूबाजूचा थोडा भाग पान स्वतःच मारून टाकतं. जिवंत काही मिळालं नाही की जंतू पुढे सरकत नाही."

मला आमच्याकडची कडब्याची गंजी आठवली. एकीला आग लागली की शेजारची माणसं दुसरी गंजी ओढून पाडतात, मधे मोकळी जागा करतात. पाहणाऱ्याला वाटतं, नुकसान करताहेत.

"आणि डिंक?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

"डिंक हा रोग नाही, कमलताई. झाडाला जखम झाली, जंतू आला, पाणी तुंबलं, मीठ वाढलं, कशानेही ताण आला की लिंबाच्या कुळातली झाडं डिंक सोडतात. जखम बुजवतात. तुमच्या डिंक्यातसुद्धा रोग सालीच्या आत असतो, डिंक म्हणजे झाडाची लढाई. इथे तो गोल कुठे आला होता? क्रेनचा पट्टा आवळला तिथेच ना?"

तिथेच. पट्ट्याच्या रुंदीएवढी माळ.

"खरवडल्यावर खालची साल कशी होती? काळी, ओली, आंबूस वासाची?"

मी वास घेतलाच नव्हता. आमच्याकडे पोरीसोरींना मी शिकवते, आधी वास घ्या, मग चाकू लावा. "हिरवी होती," मी म्हटलं. चांगली हिरवी साल मी खरवडली होती, झाडाने बांधलेली पट्टी काढून.

आम्ही त्या रोगाचं नाव झाडाच्या औषधावरून ठेवलं होतं. बावीस वर्षं तो शब्द माझ्या तोंडात होता, म्हणून डोळ्यांना दुसरं दिसलंच नाही.

"जगेल का?"

"खोडाचा पाव भाग सोडलात, ते बरं केलंत. बाकी मला नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "पानं कालच्या खरवडण्याने एका दिवसात गळत नाहीत, ते आधीच सुरू झालं असेल. पण मी पुस्तकातलं सांगते. झाडाचं तुम्हाला जास्त कळत असेल."

हे ऐकून तर मला रडूच आलं.

शुक्रवार, खाडी

घरात मी काही खाईना म्हणून मावशींनी मला रिक्षात घातलं आणि उलव्याकडे त्यांच्या गावाला नेलं. घर नव्हतंच. पत्रे लावलेले, आत खड्डा, खड्ड्यात पिवळी मशीन. एका कोपऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "थय झार." तिथे आता लोखंडी सळ्यांचा ढीग. डोक्यावरून एक विमान गेलं, इतकं खाली की बोलणं थांबवावं लागलं. मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही.

फ्रिजमधल्या काड्यांचा विषय मी तिथेच काढला. "मावशी, त्या काड्या टाकून देते. मला आता कशाचाच भरवसा नाही. खरंच रोग असला तर आमच्या नर्सरीत जाईल."

"फ्रिज कोनाचा?"

"तुमचा."

"मंग? हात लावायचा नाय."

पुढे खाडीच्या कडेला चिखलात तिवरांचं रान आहे. आमच्याकडच्या माणसाला ते बघून नवल वाटतं. खाऱ्या चिखलात हिरवीगार झाडं, आणि मुळं जमिनीतून वर, खिळे ठोकल्यासारखी उभी. जमीन थोडी खारट झाली की आमची मोसंबी पिवळी पडून बसते.

मावशींनी तिवराचं एक पान तोडून माझ्यापुढे धरलं. "चाट."

"काय?"

"चाट गो, मरत नाय."

चाटलं. मीठ. नुसतं खारट नाही, जिभेला कणी लागावी असं मीठ. उन्हात धरलं तर पानावर बारीक चमक दिसत होती.

"खारं पानी पितो, मीठ भायर टाकतो. आनि ती पिवली पानं बग. पिवला पान गलला का त्याच्यासंगती मीठबी गेला. माझी सासू सांगायची, तिवराचा पान परला म्हून रडू नको, त्यानी टाकलाय."

परत येताना मी ते पान रुमालात ठेवलं. मॅडमना नंतर विचारलं. पानातून मीठ बाहेर येतं हे पक्कं, म्हणाल्या, गळणाऱ्या पानाबरोबर किती जातं यावर शिकलेली माणसंही भांडतात. मला ते आवडलं. मावशींची सासू आणि शिकलेली माणसं एकाच पानावर वाद घालत बसलीत असं डोळ्यांपुढे आलं. पण झाडाची काळजी काही हलली नाही. तिवर तिवर आहे. त्याला सवय आहे. आमचं पपनस परक्या मातीत तीन आठवड्यांचं, आणि वर मी.

शनिवार, झाडू

शनिवारी सकाळी झाड नागडं झालं होतं. एकही पान नाही. फक्त ती पिचकलेली फांदी, तिच्यावरची करपलेली पानं मात्र तशीच लोंबत होती.

निदान कचरा तरी काढावा म्हणून मी वॉचमनकडून झाडू मागून घेतला. तो आता मला डॉक्टरसाब म्हणत होता, समजावून सांगूनसुद्धा. पानं गोळा करता करता मी त्या पिचकलेल्या फांदीवरचं एक करपलेलं पान ओढलं. निघेना. जोर केला तर पानाचा चुरा झाला, देठ फांदीलाच राहिला.

मी थांबले. खाली पडलेलं एक पान उचललं. देठाचं टोक गोल, गुळगुळीत, घासून काढल्यासारखं. दुसरं उचललं. तसंच. मग मी खाली बसून मूठ-मूठ पानं उचलून त्यांचे देठच बघायला लागले. सगळे तसेच.

हे मला येत होतं. हे तर मी रोज करते. डोळा भरला की देठ ठेवतो तो कशासाठी? अठरा-वीस दिवसांनी देठाला बोट लावायचं. हात लागताच गळून पडला तर डोळा धरला, आतून जीव आहे, त्यानेच देठ सोडला. वाळून चिकटून राहिला तर डोळा मेला. मेलेल्याला काही सोडता येत नाही. मोसंबीच्या लाखो देठांना मी हे विचारलं असेल, आणि एवढ्या मोठ्या झाडाने हजार देठ माझ्या पायाशी टाकले तेव्हा मी ओट्यावर बसून रडत होते.

नखाने एका फांदीला बारीक ओरखडा काढला. हिरवं. दुसरीला. हिरवं. पिचकलेलीला. तपकिरी.

मुळं तुटलेली, पाणी वर चढत नाही, म्हणून पाणी पिणारी पानं झाडाने स्वतःच टाकली. मला हे पटलं. पण मी इतकी घाबरलेली होते की पटलेल्यावरही विश्वास बसेना. भाऊसाहेबांना फोन लावला आणि आधी खोटं बोलल्याचं सांगितलं, मग सगळं.

त्यांनी एवढंच विचारलं, "वास घेतला नव्हतास?"

"नाही."

"देठ कसे होते म्हणालीस?"

"गुळगुळीत."

"मग मला काय विचारतेस? लेप ओलं कापड लावून हळू पूस, साल उघडी पडली तिथं परत गोणपाट बांध. आणि जेव काहीतरी." थांबून म्हणाले, "काड्या घेऊन ये. नर्सरीत नाही. तुझ्या घरी, लांब ठेव. वर्षभर बघू."

त्या दिवशी मावशींनी वालाचं बिरडं केलं होतं. दोनदा वाढून घेतलं.

रविवार, मीटिंग

मीटिंग पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पाण्याची टाकी, लिफ्ट, कुत्री, मग झाड. एवढ्या माणसांपुढे मी कधी बोललेली नाही.

"हे बघा, सगळी पानं गेली," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही काही झाडांच्या विरुद्ध नाही. पण मेलेलं झाड ठेवून काय करायचं?"

"जिता हाय," मावशी म्हणाल्या.

"आई, थांब ना," नरेश म्हणाला.

"तू थांब."

मागून कोणीतरी विचारलं, "या डोळ्यांच्या डॉक्टर ना? यांचं काय इथे?" हशा पिकला. सावंत मॅडम म्हणाल्या, "झाडाच्या डोळ्यांच्या. बोलू द्या त्यांना."

मी उठले. बोलण्यापेक्षा दाखवणं मला सोपं, म्हणून सेक्रेटरींचा हात धरून, खरंच धरून, त्यांना झाडापाशी नेलं. "साहेब, हे पान ओढा."

त्यांनी पिचकलेल्या फांदीवरचं पान ओढलं. चुरा झाला.

"ही फांदी मेली. हिने पान सोडलं नाही, कारण सोडायला जीव लागतो. आता हे बघा." मी पिशवीतली गळलेली पानं त्यांच्या तळहातावर ओतली. "याची टोकं बघा. ही कोणी तोडली नाहीत. झाडाने सोडली. मेलेलं झाड असं करू शकत नाही."

मग मी चांगल्या फांदीवर नख मारलं. हिरवा ओरखडा सगळ्यांना दिसला. एक लहान मुलगी म्हणाली, मला पण. तिने पण मारला. मग तीन-चार जणांनी मारले आणि मावशी ओरडल्या, "सोला आता सगलीच साल!" मी मेलेली फांदी करवतीने सगळ्यांसमोर कापून खाली ठेवली.

"म्हणजे जगणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

इथे मला हो म्हणता आलं असतं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. पण मंगळवारी एकदा हो म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते मला माहीत होतं.

"ते माहीत नाही, साहेब. आज जिवंत आहे एवढं माहीत आहे. मी चुकीने त्याची साल काढलीय, तेही माहीत आहे. त्याला थोडा वेळ द्या."

सेक्रेटरी म्हणाले, गुढीपाडव्यापर्यंत. पाडव्याला कोंब दिसला नाही तर काढायचं. वहीत लिहून घेतलं.

वर जाताना लिफ्टमध्ये मी मावशींना म्हटलं, "माझ्यामुळे झालं काही तर मला माफ करा."

"तू सगल्यांपुडं बोललीस, माझा हात चुकला म्हून," त्या म्हणाल्या. "आमच्यात येवरा कोन बोलतो?" आणि लिफ्टच्या आरशात बघून पदर नीट केला.

घरी

सोमवारी निघाले. वॉचमनने वहीत जाण्याची वेळ लिहून पुन्हा सलाम केला.

तीन काड्यांवरचे सहा डोळे धरण्यासारखे होते. ते मी माझ्या घरामागे, नर्सरीपासून लांब, सहा जंबेरीवर भरले. त्यांच्यापाशी जाताना-येताना हात धुते, चप्पल वेगळी. नर्सरीतल्या बायका हसतात, सोवळं पाळतेस का म्हणून. हसू देत.

अठराव्या दिवशी देठांना बोट लावायची वेळ आली. सकाळपासून तीनदा मागच्या दारी जाऊन आले, हात पुढे होईना. पाडवा चार दिवसांवर आला होता आणि नेरूळहून काही निरोप नव्हता. शेवटी लावलं. पहिला चिकटलेला. दुसरा चिकटलेला. तिसरा, चौथा तसाच. पाचव्याला बोट टेकलं आणि तो सुटून माझ्या तळहातावर पडला. सहाव्याला हात लावायच्या आधीच फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर नुसता हिरवा-करडा धूर.

"दिसला क?" मावशींचा आवाज.

"काही दिसत नाही, मावशी, जरा लांब धरा."

"लांब धरला का मना दिसत नाय!"

मागून नरेशने फोन घेतला असावा. एक फांदी दिसली, फांदीवर काटा, काट्याच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक. तसं आणखी एक.

"सेक्रेटरी येऊन बगून गेला. फोटो काढला," मावशी म्हणाल्या. "आता बोल, जगला क?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. पहिला कोंब झाड अंगातल्या साठ्यावर काढतं. मुळं धरली की नाही ते दुसऱ्या कोंबाला कळेल. उन्हाळा अजून पुढे आहे. पाणी रोज, पण तुंबू देऊ नका.

"तुजा टेन्शन काय संपत नाय, बाय."

"डिंक येतोय का, मावशी? मी खरवडलं तिथं?"

"येतो. गोनपाटाखाली, गोल. कोनाला हात लावू दिला नाय."

फोन ठेवून मी सहाव्या रोपाकडे वळले. देठाला बोट लावलं, गळला. डोळ्याच्या खाली, माझ्या चाकूने साल उघडली होती त्या फटीशी, डिंकाचा एक बारीक थेंब जमला होता. सवयीने तो पुसायला पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. ते सोडून दिलं.